सागरी मत्स्यालयातील उपद्रवी शैवाल : कारणमीमांसा व नियंत्रण

महत्त्वाच्या संज्ञा : सागरी मत्स्यालय, शैवाल, पोषणद्रव्ये, नायट्रेट, फॉस्फेट, चरणारे प्राणी, जैविक समतोल.

प्रस्तावना :

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारणाऱ्यास पहिल्या वर्षभरात हमखास येणारा अनुभव म्हणजे शैवालाचा उपद्रव होय. आरंभी काचेवर पातळ तपकिरी थर दिसू लागतो. काही आठवड्यांनी खडकांवर हिरव्या केसांसारखे पुंजके वाढतात, तर वाळूवर तांबूस-जांभळी साय पसरते. मोठ्या हौसेने मांडलेली टाकी पाहता पाहता ओंगळ दिसू लागते. अशा वेळी बहुधा तातडीचे उपाय केले जातात. सर्व पाणी एकदम बदलले जाते, खडक बाहेर काढून घासले किंवा उकळले जातात अथवा बाजारातील शैवालनाशक द्रव टाकला जातो. चार दिवस टाकी स्वच्छ दिसते. त्यानंतर एक तर शैवाल दुप्पट जोमाने परत येते किंवा मासे मरू लागतात. अखेरीस टाकी रिकामी करून भांडारगृहात ठेवली जाते. हानी केवळ काचेच्या टाकीची नसते; समुद्रातून आणलेले जीव त्यात नाहक प्राणास मुकतात आणि अध्ययनाचे एक जिवंत साधन विभागातून नाहीसे होते.

ही परिणती टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी शैवालाकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलावी लागते. उपद्रवी शैवाल हा रोग नसून लक्षण आहे. टाकीत येणारी पोषणद्रव्ये आणि टाकीतून बाहेर जाणारी पोषणद्रव्ये यांचा मेळ बसला नाही, की शिल्लक राहिलेली रक्कम शैवालाच्या रूपाने डोळ्यांना दिसते. हा जमाखर्च समजून घेणे आणि त्याआधारे नियंत्रणाचे उपाय क्रमाने मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शैवालाविषयीची बदलती दृष्टी :

मत्स्यालयाच्या इतिहासात शैवालाचे स्थान नेहमीच शत्रूचे नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. त्याच्या उभारणीशी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचे नाव निगडित आहे. हवा खेळवणारे विजेचे पंप उपलब्ध नसलेल्या त्या काळात टाकीतील प्राण्यांना प्राणवायू मिळावा म्हणून सागरी वनस्पती मुद्दाम लावल्या जात. वनस्पती प्राणवायू देतील व प्राणी कार्बन डायऑक्साइड देतील, असा परस्परपूरक समतोल त्यांना अभिप्रेत होता. म्हणजेच त्या आरंभीच्या मत्स्यालयात शैवाल हा आधार होता.

पुढे हाच आधार अनावर होऊ लागला. खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे टाकीचे पाणी हिरवे होई. विल्यम अल्फर्ड लॉईड यांनी १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उभारलेल्या मत्स्यालयात पाण्याचा फार मोठा साठा अंधारात ठेवला आणि ते पाणी प्रदर्शनाच्या टाक्यांतून सतत फिरते राहील अशी रचना केली. प्रकाश मर्यादित, पाणी विपुल व प्रवाह अखंड ही तीन सूत्रे आजही तितकीच लागू पडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रवाळभित्ती उभारणारे प्रवाळ आपल्या ऊर्जेचा मोठा भाग स्वतःच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून मिळवतात. खडकांवर चढणारा गुलाबी-जांभळा, दगडासारखा कठीण थर हाही शैवालाचाच असून तो निरोगी टाकीचे चिन्ह मानला जातो. तेव्हा शैवालविरहित सागरी टाकी ही कल्पनाच मुळात अशक्य कोटीतील आहे. कोणते शैवाल, कोठे आणि किती, एवढाच प्रश्न उरतो.

उपद्रवी वाढीचे प्रमुख प्रकार :

उपाययोजना करण्यापूर्वी वाढ कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे आवश्यक ठरते. सामान्यतः पुढील पाच प्रकार आढळतात.

१) डायाटम : मराठीत यांना करंडक वनस्पती असेही म्हणतात. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर व वाळूवर दिसणारा तपकिरी, सहज पुसला जाणारा थर बहुधा यांचाच असतो. त्यांचे पेशीकवच सिलिकेचे असल्याने पाण्यातील सिलिकेटवर त्यांची वाढ अवलंबून असते. सिलिकेट संपले की हा थर आपोआप ओसरतो. त्यासाठी कोणतेही औषध लागत नाही.

२) केसाळ हिरवे शैवाल : डर्बेसिया, ब्रायोप्सिस यांसारख्या प्रजातींचे तंतू खडकांवर घट्ट रुजतात. नायट्रेट व फॉस्फेट विपुल असलेल्या आणि चरणारे प्राणी नसलेल्या टाकीत हा प्रकार सर्वाधिक त्रास देतो.

३) बुडबुडा शैवाल : व्हलोनिया या शैवालाचे चकचकीत हिरवे मणी खडकांच्या फटींत दिसतात. प्रत्येक मणी म्हणजे एकच अवाढव्य पेशी असते. ते फोडण्यापेक्षा अखंड उचटून काढणे श्रेयस्कर असते.

४) सायनोबॅक्टेरिया : वाळूवर पसरणारी तांबडी, जांभळी वा काळपट हिरवी साय बोटाने उचलली असता सलग पापुद्र्यासारखी सुटते. हे वस्तुतः शैवाल नसून प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्यांच्यातील काही प्रजाती पाण्यात विरघळलेला वायुरूप नायट्रोजनही वापरू शकतात. त्यामुळे पाण्यात नायट्रेट अत्यल्प असतानाही त्यांची वाढ चालू राहते.

५) डायनोफ्लॅजेलेट : तपकिरी, चिकट, शेंबडासारख्या तारा आणि त्यांत अडकलेले वायूचे बुडबुडे हे यांचे लक्षण होय. दिवसा दाट दिसणारा हा थर रात्री विरळ होतो. ऑस्ट्रिऑप्सिससारख्या काही प्रजाती विषारी असल्याने त्यावर चरणाऱ्या गोगलगाई मरतात.

डायाटम, सायनोबॅक्टेरिया व डायनोफ्लॅजेलेट यांत नुसत्या डोळ्यांनी गफलत होऊ शकते. परंतु महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्याने एका थेंबाच्या निरीक्षणाने हा संभ्रम दूर होतो. चुकीच्या निदानावर केलेला उपाय निरुपयोगीच नव्हे, तर कित्येकदा अपायकारक ठरतो.

पोषणद्रव्यांचा जमाखर्च :

शैवालाच्या वाढीस प्रकाश, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस व काही सूक्ष्म मूलद्रव्ये लागतात. टाकीत प्रकाश व कार्बन मुबलक असतात. त्यामुळे वाढीची मर्यादा बहुधा नायट्रोजन व फॉस्फरस यांवरून ठरते. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली सागरी प्लवकांच्या रासायनिक घटनेसंबंधी जे संशोधन मांडले, त्यातून कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे १०६ : १६ : १ हे प्रमाण पुढे सर्वमान्य झाले. खडकावर रुजून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी ॲटकिन्सन व स्मिथ यांनी १९८३ साली दिलेले प्रमाण सुमारे ५५० : ३० : १ असे आहे. याचा अर्थ असा की, फॉस्फरसच्या अगदी थोड्या भांडवलावर खडकावरील शैवाल स्वतःचा मोठा विस्तार करू शकते.

हे भांडवल येते कोठून? मुख्यतः माशांच्या अन्नातून. एक साधे गणित पाहावे. २०० लिटरच्या टाकीत दररोज २ ग्रॅम कोरडे अन्न टाकले जाते व त्यात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे, असे धरू. दररोज २० मिलिग्रॅम फॉस्फरस टाकीत येतो. फॉस्फेटच्या स्वरूपात हे वजन सुमारे ६१ मिलिग्रॅम होते. २०० लिटर पाण्यात ते विभागले असता प्रतिलिटर ०.३ मिलिग्रॅम भर पडते. माशांच्या शरीरवाढीसाठी यातील एकतृतीयांश भाग वापरला गेला असे मानले, तरी प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहतात. नैसर्गिक प्रवाळभित्तीवरील पाण्यात फॉस्फेट साधारणतः ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे समुद्रातील पातळीच्या कितीतरी पट भर टाकीत एकाच दिवसात पडते. समुद्रात ती अथांग पाण्यात विरून जाते; टाकीला मात्र चार भिंती आहेत.

नायट्रोजनची कथा थोडी निराळी आहे. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. नायट्रीकरण करणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट यांच्या तुलनेत नायट्रेट कमी विषारी असल्यामुळे मासे वाचतात आणि गाळणी उत्तम चालली आहे असे समाधान वाटते. प्रत्यक्षात गाळणीने नायट्रोजन टाकीबाहेर काढलेला नसतो. त्याचे केवळ रूप बदललेले असते. सच्छिद्र खडकांच्या अंतर्भागात व वाळूच्या खोल थरात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. या विनायट्रीकरणामुळेच नायट्रोजन खऱ्या अर्थाने टाकीबाहेर पडतो. फॉस्फरसला मात्र अशी वायुरूप वाट नाही. तो हाताने, पाण्यासोबत, शोषकावर किंवा सजीवांच्या शरीरात बांधूनच बाहेर काढावा लागतो.

पाणी बदलण्याच्या उपायाची मर्यादाही गणितानेच स्पष्ट होते. टाकीत दरमहा प्रतिलिटर १० मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते आणि दरमहा २० टक्के पाणी बदलले जाते, असे समजू. कालांतराने पाणी बदलण्यापूर्वीची पातळी ५० मिलिग्रॅमवर व बदलल्यानंतरची ४० मिलिग्रॅमवर स्थिर होईल. त्याखाली ती कधीच जाणार नाही. म्हणजेच पाणी बदलणे आवश्यक असले तरी आवक कमी केल्याशिवाय ते पुरेसे नाही.

चाचणीतील 'शून्य' आणि खडकातील ठेव :

शैवालाने भरलेल्या टाकीतील पाण्याची चाचणी केली असता नायट्रेट व फॉस्फेट शून्य दाखवले जातात, असा अनुभव पुष्कळदा येतो. त्यावरून पोषणद्रव्यांचा शैवालाशी संबंध नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. चाचणी संच केवळ पाण्यात विरघळलेले व त्या क्षणी शिल्लक असलेले द्रव्य मोजतो. शैवालाने शोषून घेतलेले द्रव्य त्याच्या शरीरात असते. ते मोजले जात नाही. धान्याचे कोठार रिकामे दिसते, कारण धान्य आधीच खाल्ले गेलेले असते.

दुसरी अडचण खडकांची. प्रवाळजन्य खडक व वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून राहते. पाण्यातील पातळी जास्त असताना खडक फॉस्फेट साठवतो. पातळी कमी होताच तो ते हळूहळू परत सोडू लागतो. म्हणून आवक आटोक्यात आणल्यानंतरही कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, शैवाल वाढत राहते. उपाय निष्फळ ठरला असे समजून तो याच टप्प्यावर सोडून दिला जातो. वास्तविक जुनी ठेव संपेपर्यंत धीर धरणे हाच त्या वेळी उपाय असतो.

चरणाऱ्या प्राण्यांचे स्थान :

पोषणद्रव्ये ही जमाखर्चाची एक बाजू झाली. वाढलेले शैवाल खाऊन संपवणारे प्राणी ही दुसरी बाजू होय. निसर्गात या दोन्ही बाजूंचे महत्त्व दाखवणारी दोन उदाहरणे अभ्यासकांना सुपरिचित आहेत.

हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात अनेक वर्षे सांडपाणी सोडले जात होते. तेथील प्रवाळांवर डिक्टिओस्फेरिया या हिरव्या शैवालाचे आच्छादन पसरले. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचा मुख्य प्रवाह उपसागराबाहेर वळवण्यात आला. त्यानंतरच्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी हे शैवाल लक्षणीयरीत्या घटले. आवक थांबविण्याचे महत्त्व येथे दिसते.

दुसरे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील जमैकाचे आहे. तेथे अतिमासेमारीमुळे शैवाल खाणारे मासे आधीच कमी झालेले होते. चरण्याचे काम प्रामुख्याने डायडेमा जातीच्या लांब काट्यांच्या सागरी अर्चिनवर येऊन पडले होते. १९८३-८४ मध्ये एका साथीत कॅरिबियनमधील या अर्चिनची बहुतांश संख्या नष्ट झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमैकाच्या प्रवाळभित्तींवर ५० टक्क्यांहून अधिक असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९० च्या दशकाच्या आरंभी ५ टक्क्यांच्या खाली आले आणि त्यांची जागा शैवालाने घेतली. वादळांचे आघातही या ऱ्हासास कारणीभूत होतेच. परंतु चरणारे प्राणी नाहीसे झाल्यावर प्रवाळांना पुन्हा उभे राहता आले नाही.

टाकीतही हेच घडते. सर्जन मासे, रॅबिटफिश, काही ब्लेनी मासे, समुद्री गोगलगाई व लहान अर्चिन हे शैवाल कोवळे असतानाच खरडून खातात. लांब, जून तंतू मात्र अनेक प्राणी टाळतात. म्हणून आधी हाताने शैवाल उपटून नंतर चरणारे प्राणी सोडणे हा योग्य क्रम होय. तथापि, सर्जन मासा हा मोकळ्या पाण्यात दूरवर पोहणारा जीव आहे. दोनशे लिटरच्या टाकीत केवळ सफाईसाठी त्याला कोंडणे म्हणजे एक चूक झाकण्यासाठी दुसरी करणे होय. लहान टाकीसाठी गोगलगाई पुरेशा असतात. शिवाय प्राणी शैवाल खातात म्हणजे पोषणद्रव्ये टाकीबाहेर जातात असे नव्हे. विष्ठेच्या रूपाने ती पाण्यातच परततात, हेही विसरून चालणार नाही.

नियंत्रणाचे उपाय :

वरील विवेचनावरून उपाययोजनेचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१) पाण्याचा स्रोत : नळाच्या किंवा विंधनविहिरीच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट असू शकतात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी अशा पाण्याने भरून काढल्यास ही द्रव्ये साचत जातात. आर.ओ. प्रक्रियेनंतर आयनरहित केलेले पाणी वापरावे. रसायनशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत ते बहुधा उपलब्ध असते. समुद्राचे पाणी आणावयाचे असल्यास खाडीच्या मुखापासून व वस्तीपासून दूरचे घ्यावे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात पाण्याची क्षारता घटते व गाळ वाढतो. त्यामुळे साठा पावसाळ्यापूर्वी करून तो झाकून अंधारात ठेवावा.

२) अन्न : दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. गोठवलेले अन्न वितळवून गाळून घ्यावे आणि त्याचे पाणी टाकीत ओतू नये. दिवाळी वा उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी माशांची सोय म्हणून एकदम जास्त अन्न टाकण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. निरोगी प्रौढ मासे काही दिवसांचा उपवास सहज सहन करतात. कुजणारे अन्न मात्र ते सहन करू शकत नाहीत.

३) प्रकाश : दररोज आठ ते दहा तास प्रकाश पुरेसा असतो. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये. दिवे लावणे-बंद करणे माणसाच्या आठवणीवर न सोपवता वेळयंत्रावर सोपवावे.

४) प्रत्यक्ष काढणे : शैवाल हाताने उपटून, मऊ ब्रशने खरडून व नळीने ओढून बाहेर काढावे. हा उपाय साधा असला तरी सर्वांत थेट आहे, कारण शैवालाबरोबर त्यात साठलेला नायट्रोजन व फॉस्फरसही बाहेर जातो. खरडलेले तंतू पाण्यात तरंगत ठेवल्यास ते अन्यत्र रुजतात.

५) यांत्रिक व रासायनिक गाळण : प्रोटीन स्किमर हे उपकरण फेसाच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्य कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. गाळणीतील स्पंज आठवड्यातून किमान एकदा टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवावा. फॉस्फेट शोषून घेणारे लोहयुक्त कण उपयुक्त असतात. मात्र त्यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एकाएकी झालेली घट प्रवाळांना मानवत नाही.

६) शैवालानेच शैवालाचे नियंत्रण : मुख्य टाकीला जोडलेल्या लहान टाकीत किटोमॉर्फासारखे सुटे, मोठे शैवाल प्रकाशात वाढवावे व वेळोवेळी त्याची कापणी करावी. जी पोषणद्रव्ये उपद्रवी शैवालास मिळाली असती, ती या लागवडीत बांधली जातात व कापणीबरोबर बाहेर पडतात. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी हेच तत्त्व जाळीवर वाढणाऱ्या शैवालाच्या रूपाने विकसित केले. १९८० साली तेथील संग्रहालयात प्रदर्शित झालेल्या जिवंत प्रवाळभित्तीच्या प्रतिकृतीत त्यांनी त्याचा वापर केला होता. गॉस यांच्या काळातील समतोलाची कल्पना येथे अधिक शास्त्रशुद्ध रूपात परत आलेली दिसते.

या सर्व उपायांचे ध्येय पोषणद्रव्ये शून्यावर आणणे हे नव्हे. नायट्रेट २ ते १० व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा अनेक अनुभवी मत्स्यालयपालक समाधानकारक मानतात. पोषणद्रव्ये जवळपास संपुष्टात आलेल्या टाकीत प्रवाळांची उपासमार होते आणि पुष्कळदा डायनोफ्लॅजेलेट बळावतात. एक उपद्रव घालवताना दुसऱ्यास वाट करून देणे शहाणपणाचे नाही.

टाळावयाचे उपाय :

गोड्या पाण्यातील शेवाळ घालविण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत जुनी आहे. सागरी टाकीत मात्र तांबे हे प्रवाळ, गोगलगाई, कोळंबी व अर्चिन या अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी अत्यल्प मात्रेतही घातक असते. ते खडकात व वाळूत शोषले जाऊन दीर्घकाळ झिरपत राहते. सायनोबॅक्टेरियावर एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक परिणामकारक ठरते, कारण ते जिवाणू आहेत. परंतु त्याच प्रतिजैविकाचा आघात उपयुक्त जिवाणूंवरही होऊ शकतो. शिवाय ते पाणी गटारात गेल्यावर औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या वाढीस हातभार लागतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या संस्थेने तरी हा मार्ग स्वीकारू नये.

कोणत्याही शैवालनाशकाचा आणखी एक दोष आहे. एका वेळी मेलेले सर्व शैवाल टाकीतच कुजते. त्यात बांधलेली पोषणद्रव्ये पुन्हा पाण्यात येतात व कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना प्राणवायू आधीच कमी विरघळतो. त्यातच रात्री वीज खंडित होऊन पंप थांबले, तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. शैवाल गेले, पण टाकीही गेली, अशी गत होते.

काढलेल्या शैवालाची विल्हेवाट :

टाकीतील शैवाल बाहेर काढल्यावर जबाबदारी संपत नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे उष्ण कटिबंधीय शैवाल मत्स्यालयांत शोभेसाठी लावले जात असे. १९८४ साली मोनॅको येथील सागरविज्ञान संग्रहालयाच्या लगत समुद्रतळावर त्याचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. फ्रेंच शास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेझ यांनी त्याच्या फैलावाबद्दल सातत्याने इशारे दिले. तथापि, पुढील दीड दशकात ते फ्रान्स, इटली व स्पेनच्या किनाऱ्यांवर पसरले. थंड पाण्यातही तग धरणारा हा प्रकार २००० साली कॅलिफोर्नियातील एका खाजणात आढळला. तेथे ताडपत्रीने झाकून व क्लोरीन सोडून त्याचा नायनाट करण्यात आला आणि २००६ मध्ये त्याचे पूर्ण उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. शैवालाचा लहानसा तुकडाही नवी वसाहत वसवू शकतो, हा यातील धडा आहे. म्हणून काढलेले शैवाल गोड्या पाण्यात धुवून, उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावे. ते खाडीत, ओढ्यात वा गटारात टाकू नये. टाकीतील नकोसे मासेही समुद्रात सोडू नयेत.

महाविद्यालयीन संदर्भ :

मत्स्यालयासंबंधीच्या परदेशी लेखनात जिवंत प्रवाळ व समुद्रातून काढलेला जिवंत खडक यांचा सर्रास उल्लेख येतो. भारतात हे अनुकरण करता येणार नाही. प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समाविष्ट करण्यात आले. वाळू स्वच्छ करणाऱ्या सागरी काकड्यांनाही असेच संरक्षण आहे. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यांवरून प्रवाळ वा त्यांचे खडक आणणे हा अपराध ठरतो. कृत्रिम सच्छिद्र खडक व जिवाणूंची संथ जोपासना यांतूनही सक्षम टाकी उभी राहते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशसारख्या शोभिवंत माशांचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा अशा माशांची निवड करणे सर्व दृष्टींनी उचित होय.

शैवालाचा प्रश्न अनेक विद्याशाखांना एकत्र आणणारा आहे. वाढीची ओळख वनस्पतिशास्त्राची, चरणारे प्राणी प्राणिशास्त्राचे, नायट्रेट-फॉस्फेटचे मापन रसायनशास्त्राचे, नायट्रीकरण सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि पातळी कोठे स्थिरावेल याचे गणित संख्याशास्त्राचे. टाकीशेजारी एक नोंदवही ठेवावी. तीत दिलेले अन्न, बदललेले पाणी, क्षारता, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट व काढलेल्या शैवालाचे वजन यांची तारीखवार नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. एका वर्षाच्या नोंदींतून जमाखर्चाचे जे चित्र उभे राहील, ते पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा अधिक काळ स्मरणात राहील. नोंदवहीचा दुसरा लाभ असा की, शिक्षक वा परिचर बदलले तरी टाकीचा इतिहास हरवत नाही.

समारोप :

सागरी मत्स्यालयातील उपद्रवी शैवाल हे असमतोलाचे दृश्य रूप आहे. आवक मर्यादित ठेवणे, जावक नियमित करणे, चरणाऱ्या प्राण्यांना योग्य स्थान देणे आणि निदान झाल्याखेरीज औषध न वापरणे, या चार गोष्टींवर त्याचे नियंत्रण अवलंबून असते. यांपैकी कोणताही उपाय एका दिवसात फळ देत नाही. खडकातील ठेव ओसरण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा तो द्यावाच लागतो.

कानेओहे उपसागरात सांडपाणी वळवल्यावर आणि जमैकात अर्चिन गेल्यावर जे घडले, तेच दोनशे लिटरच्या टाकीत लहान प्रमाणावर घडते. फरक एवढाच की, टाकीतील चूक नोंदवहीच्या आधारे शोधता येते आणि काही महिन्यांत दुरुस्त करता येते. समुद्रातील चूक दुरुस्त होण्यास पिढ्या लागतात. शैवालाने हिरवी झालेली टाकी भांडारगृहात न ठेवता तिचा जमाखर्च विद्यार्थ्यांसमोर मांडला, तर तीच टाकी त्यांना किनाऱ्यापलीकडच्या पाण्याविषयी जबाबदारीने विचार करावयास शिकवील.